‘एन;रेस;’ म्हणजे काय रे भाऊ? अमेरिकेतल्या घरांच्या अप्रेझलचा नवा फॉर्म

२०१५ साली न्यू जर्सीत आम्ही पहिलं घर घेतलं. कर्ज मंजूर करण्याआधी लेंडरने घराचं अप्रेझल, म्हणजे किमतीचं मूल्यांकन, करवून घेतलं आणि त्याची प्रत आम्हाला ईमेलने आली. किंमत हवी तेवढी लागली होती, त्यामुळे घरात आनंद होता. पण मधल्या पानावरच्या तक्त्यात ‘व्ह्यू’च्या रकान्यात ‘एन;रेस;’ असं काहीतरी छापलेलं होतं. मी म्हटलं, ‘एन’ म्हणजे ‘नो’, व्ह्यू नाही. खिडकीतून शेजाऱ्यांचं गॅरेज आणि एक मेपल एवढंच दिसतं, तेव्हा लिहिणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं. बायकोला वेगळीच शंका. ‘नॉट रेसिडेन्शियल’ तर नसेल? त्याखाली ‘आर्मलेंथ;कॉन्व्ह;०’, आणखी खाली ‘एस०५/१५;सी०४/१५’. पैसे आमच्या खिशातले, कागद आमच्या घराबद्दलचा, आणि आम्हालाच तो वाचता येत नव्हता.

उत्तर साधं निघालं. एन म्हणजे न्यूट्रल आणि रेस म्हणजे रेसिडेन्शियल. घरातून आजूबाजूची घरं दिसतात आणि त्यामुळे किंमत वाढतही नाही, घटतही नाही. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की तुलनेसाठी घेतलेल्या घराचा व्यवहार परक्या माणसांत झाला, नात्यागोत्यात नाही. घेणाऱ्याचं कर्ज सरकारी हमीशिवायचं, आणि विकणाऱ्याने दिलेली सवलत शून्य. तिसरी ओळ सांगते की सौदा एप्रिलमध्ये ठरला आणि मे महिन्यात पुरा झाला. २०११पासून चालत आलेली ही सांकेतिक भाषा आता जाते आहे. ती ज्या फॉर्मवर लिहिली जायची तो फॉर्मही तिच्याबरोबर जातो आहे. बातमी म्हणून हे रटाळ वाटेल. पण अमेरिकेत घर घेणाऱ्या, विकणाऱ्या किंवा रिफायनान्स करणाऱ्या बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येतो, आणि अप्रेझरांची तर सध्या झोप उडाली आहे.

अप्रेझर नक्की करतो काय

इथे घराशी तीन वेगवेगळ्या माणसांचा संबंध येतो आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. होम इन्स्पेक्टर तुम्ही बोलावता. छप्पर गळतं का, फर्नेस चालते का, हे तो पाहतो. टॅक्स असेसर स्थानिक सरकारचा, मालमत्ता करासाठी आकडा ठरवणारा. अप्रेझर लेंडरच्या वतीने येतो. त्याच्यापुढचा प्रश्न एकच: आजच्या बाजारात, घाई नसलेला विकणारा आणि माहितगार घेणारा समोरासमोर आले, तर या घराचे किती येतील? उद्या कर्ज बुडालं तर घर विकून पैसे वसूल होतील का, ही लेंडरची काळजी त्यामागे असते.

पुण्यात फ्लॅट घेताना बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर येतो, तसाच हा प्रकार. पण तिकडे स्टँप ड्यूटीसाठी रेडी रेकनरचा सरकारी दर तरी हाताशी असतो. इथे तसा काही दर नाही. इथे असतात ‘कॉम्प्स’, म्हणजे आसपास अलीकडे विकली गेलेली, आपल्या घरासारखी घरं. अशी निदान तीन घरं शोधायची, आपल्या घराशेजारी तक्त्यात मांडायची आणि फरक पैशात मोजायचा. समजा एक कॉम्प ६,२०,००० डॉलरला गेलं. ते आपल्यापेक्षा १५० चौरस फूट मोठं आहे, म्हणून १२,००० वजा. त्यात अर्धं बाथरूम (म्हणजे नुसतं टॉयलेट आणि बेसिन) कमी आहे, म्हणून ८,००० अधिक. सौदा आठ महिन्यांपूर्वी ठरला आणि तेव्हापासून बाजार चढला, म्हणून आणखी १०,००० अधिक. झाले ६,२६,०००. ॲडजस्टमेंट नेहमी कॉम्पमध्ये करतात, आपल्या घरात नाही. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा रिपोर्ट वाचता येतो.

आता हे १२,००० आणि ८,००० आले कुठून? खरी गोम तिथेच आहे. अप्रेझर ते बाजारातून काढतो, म्हणजे तशा घरांच्या विक्रीतून, अनुभवातून आणि अंदाजातून. आजवर या आकड्यांमागचा विचार बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात किंवा त्याच्या फाइलीत राहायचा. नव्या व्यवस्थेचा सगळा रोख तो विचार कागदावर आणण्याकडे आहे.

या धंद्याला कायद्याचं कुंपण आहे. १९८०च्या दशकात बचत-कर्ज संस्था धडाधड बुडाल्या, त्यानंतर १९८९च्या कायद्याने अप्रेझरांना राज्यांचं लायसन्स आलं. घरांपुरतं ‘सर्टिफाइड रेसिडेन्शियल’ व्हायचं तरी १,५०० तासांचा अनुभव लागतो, तोही निदान १२ महिन्यांत पसरलेला. २००८च्या आधीच्या तेजीत कर्ज देणारे एजंट ‘एवढा आकडा आला पाहिजे’ असं सुचवायचे, आणि जो देईल त्याला पुढचं काम मिळायचं. तो प्रकार २००९चे नियम आणि २०१०चा डॉड-फ्रँक कायदा यांनी बंद केला. त्यासाठी कर्जाचे एजंट आणि अप्रेझर यांच्यामध्ये भिंत घातली गेली, आणि त्या भिंतीवर एक मध्यस्थ येऊन बसला: अप्रेझल मॅनेजमेंट कंपनी. मोठे लेंडर बहुतेक कामं तिच्यामार्फत देतात. फी आपण भरतो, कंपनी आपला वाटा काढून घेते, उरलेलं अप्रेझरच्या हातात पडतं. किती काढून घेते, हा अप्रेझरांचा जुना आणि न संपणारा विषय आहे.

सहा पानी फॉर्म

आमच्या मराठी मंडळातले एक काका वीसएक वर्षं हे काम करतात. जुन्या फॉर्मबद्दल ते ‘तो एक हजार चार’ असं म्हणतात, घरातल्या जुन्या फ्रीजबद्दल बोलावं तसं. हा फॉर्म १००४, मार्च २००५चा, सहा पानांचा. खरा मजकूर तीन पानांत, बाकीची तीन व्याख्या आणि प्रतिज्ञापत्रांची. तो कागदासाठी बनवला होता, म्हणून चौकोन लहान आणि ठरलेल्या मापाचे. घराला वेगळं काही असेल तर चौकोनात लिहायचं ‘ॲडेंडम पाहा’ आणि मागे पुरवणी जोडायची. वेगळं काही नाही असं घर विरळाच, त्यामुळे पुरवण्या वाढत गेल्या.

शिवाय फॉर्म एक नव्हता. एका कुटुंबाच्या घराला १००४, काँडोला (म्हणजे सामाईक प्रकल्पातल्या मालकीच्या फ्लॅटला) १०७३, दोन ते चार बिऱ्हाडांच्या इमारतीला १०२५, को-ऑपला २०९०, कारखान्यात बांधून आणलेल्या घराला १००४सी, नुसतं बाहेरून पाहून करायचं असेल तर २०५५. काँडो आहे, पण बांधणी स्वतंत्र घरासारखी आहे, मग फॉर्म कुठला? असल्या वादांवर लोकांनी आयुष्यं घालवली.

२०११मध्ये या फॉर्मच्या पोटात डेटा भरायला सुरुवात झाली. प्रत्येक रकान्यात काय आणि कसं लिहायचं याचे नियम आले, म्हणजे संगणकाला ते वाचता येईल. त्याचं नाव युनिफॉर्म अप्रेझल डेटासेट. चौकोन तेवढेच आणि माहिती जास्त, म्हणून तारा पाठवल्यासारखी भाषा: ‘एन;रेस;’.

हे नियम कोणाचे? फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन संस्थांचे. नावं ऐकून एखाद्या वगनाट्यातली जोडी वाटेल, पण अमेरिकेचा गृहकर्जाचा बाजार यांच्या खांद्यावर उभा आहे. फॅनी १९३८ची, फ्रेडी १९७०ची. त्या स्वतः कर्ज देत नाहीत. लेंडरने दिलेली कर्जं विकत घेतात, त्यांची मोट बांधतात आणि हमी देऊन गुंतवणूकदारांना विकतात. सप्टेंबर २००८पासून दोघी सरकारी देखरेखीखाली आहेत. आपलं कर्ज यांनी विकत घ्यावं असं लेंडरला वाटत असेल, तर अप्रेझल यांच्या साच्यातच लागतं. त्यामुळे यांनी फॉर्म बदलला की देशभरातल्या अप्रेझरांना बदलावंच लागतं.

बदलाचं काम २०१८ला सुरू झालं. डेटासेटची नवी आवृत्ती ३.६. ८ सप्टेंबर २०२५ला मोजक्या लेंडरांपुरती दारं उघडली, २६ जानेवारी २०२६ला सगळ्यांसाठी. २ नोव्हेंबर २०२६पासून नवीन कामाला नवाच साचा सक्तीचा. आधीच सुरू असलेल्या कामांची आवराआवर करायला मुदत, आणि ३ मे २०२७ला जुना साचा कायमचा बंद.

आमच्या घरावर सराव

काकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि सरावासाठी घर मागितलं. ओळखीतलं घर बरं, चुकलं तर कोणी विचारणार नाही. एका शनिवारी सकाळी ते आले: हातात टॅबलेट, कमरेला लेझर मीटर आणि खिशात जुनी टेप. मी सगळा वेळ मागे मागे फिरलो.

नव्या रिपोर्टला फॉर्म नंबर नाही. स्वतंत्र घर, काँडो, कारखान्यातलं घर, सगळ्याला एकच रिपोर्ट, आणि तो उत्तरांप्रमाणे वाढतो किंवा आटतो. घर काँडोत नाही म्हटलं की प्रकल्पाचा भाग येतच नाही. सोलर आहे म्हटलं की ऊर्जेचा भाग उघडतो. आवारात वेगळी शेड किंवा खोली असेल तर तिचा तक्ता येतो. भारतातून आईबाबा आले की राहावेत म्हणून स्वयंपाकघर, बाथरूम आणि स्वतंत्र दारासकट भाग काढला असेल तर त्या बिऱ्हाडाचं आतलं वर्णन वेगळं भरायचं. फोटो शेवटी गठ्ठ्याने नाहीत, ज्या भागाचे त्या भागापाशी. दिसलेल्या दोषांची यादी वेगळ्या तक्त्यात: काय, कुठे, घराच्या मजबुतीला धोका आहे का, काय करायला हवं.

आमची जुनी जखम बेसमेंटची. आमचं घर उतारावर आहे. बेसमेंटच्या मागच्या बाजूला पूर्ण काचेचं दार, बाहेर अंगण. तिथे देवघर आहे, टीव्ही आहे, गणपतीत पन्नास माणसं जेवतात. आमच्या लेखी घर तीन हजार चौरस फुटांचं. रिपोर्टच्या लेखी बावीसशे.

‘कारण मागची भिंत उघडी असली तरी पुढची जमिनीत आहे,’ काका म्हणाले. ‘मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली असला की तो सगळा मजला जमिनीखालचा. देवघर असो नाही तर दरबार.’

हा काकांचा लहरी नियम नाही. ‘ॲन्सी झेड७६५’ नावाचं मोजमापाचं मानक आहे आणि फॅनी मे ने ते १ एप्रिल २०२२पासून सक्तीचं केलं. माप बाहेरच्या भिंतींवरून घ्यायचं. छत निदान ७ फूट हवं. उतरत्या छताच्या खोलीत निम्म्या जागेवर तरी ७ फूट उंची हवी, आणि ५ फुटांपेक्षा कमी उंचीची जागा धरायचीच नाही. थंडीत ऊब नसलेला व्हरांडा मोजायचा नाही. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप यांच्या भानगडीत मुरलेल्या पुणेकर माणसाला हा काटेकोरपणा आवडायला हरकत नाही. मला आवडला, फक्त माझ्या बेसमेंटला तो लागू झाला नसता तर जास्त आवडला असता.

बेसमेंटला किंमत नाही असा याचा अर्थ नाही. किंमत मिळते, पण वरच्या मजल्यांच्या भावाने नाही, आणि तक्त्यात वेगळ्या ओळीत. नव्या रिपोर्टमध्ये जमिनीवरची तयार जागा, जमिनीखालची तयार जागा, मानकात न बसणारी जागा, असे हिशोब वेगळे दिसतात. घरमालकाला ‘आमचे आठशे फूट गेले कुठे?’ हे विचारावं लागत नाही. ते कुठे गेले ते समोर लिहिलेलं असतं.

तीच गोष्ट घराच्या अवस्थेची. सी१ ते सी६ अशी श्रेणी २०११पासून आहे. सी१ म्हणजे कोरं, कोणी न राहिलेलं. सी३ नीट राखलेलं. सी४ला किरकोळ डागडुजी तुंबलेली. सी६ म्हणजे सुरक्षिततेला किंवा मजबुतीलाच धोका, अशा घरावरचं कर्ज दुरुस्तीशिवाय फॅनी घेत नाही. बांधणीच्या दर्जाला क्यू१ ते क्यू६. पूर्वी अख्ख्या घराला एकच अक्षर मिळायचं. आमच्याकडे स्वयंपाकघर दोन वर्षांपूर्वीचं, छप्पर वीस वर्षांचं. यांची सरासरी काय काढणार? नव्या पद्धतीत बाहेरची आणि आतली श्रेणी वेगळी लिहायची आणि मग एकूण श्रेणी द्यायची. माझ्या मते सगळ्या बदलांत हा सर्वात शहाणपणाचा. एका अक्षरामागे काय दडलंय हे वाचणाऱ्याला दिसतं, आणि अप्रेझरला ते दडवता येत नाही.

काकांच्या चालण्याचा क्रमही त्यामुळे बदलला होता. आधी ते घराभोवती एक चक्कर मारायचे, आत जाऊन खोल्या मोजायचे, वहीत चार खुणा करायचे आणि बाकीचं घरी टेबलावर. स्मरणशक्ती चांगली होती तोवर चालून गेलं. आता प्रत्येक बाथरूमपाशी थांबायचं, अवस्था तिथेच टॅबलेटमध्ये टिपायची, फोटो त्याच खोलीला जोडायचा. ‘पूर्वी घर बघायचो आणि मग लिहायचो,’ ते म्हणाले. ‘आता लिहायचंय काय ते डोक्यात धरून घर बघतो.’ आमच्या घरात पूर्वी पाऊण तास लागला असता असं ते म्हणत होते. त्या शनिवारी चहा धरून अडीच तास लागले. सराव झाल्यावर वेळ कमी होईल, पण पहिल्या काही महिन्यांचा तोटा सोसायचा कोणी? बरेच अप्रेझर एकटेच धंदा करतात. सॉफ्टवेअर, टॅबलेट, शिकवण्या, सगळं स्वतःच्या खिशातून, आणि फॉर्म बदलला म्हणून फी आपोआप वाढत नाही. त्यांच्यापैकी कित्येक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. ‘नोव्हेंबर आला की दुकान बंद’ असं म्हणणारेही आहेत. काका तसं म्हणत नाहीत, पण म्हणणाऱ्यांना हसतही नाहीत.

रिपोर्ट वाचणारं यंत्र

एवढी बारीक माहिती कोणाला हवी आहे? घरमालकाला थोडी, लेंडरला जास्त, आणि सर्वात जास्त यंत्राला. तयार रिपोर्ट लेंडरमार्फत फॅनी-फ्रेडीच्या सामाईक पोर्टलवर जातो. आता तो एका झिप फाइलमध्ये जातो: संगणकासाठी डेटा, माणसासाठी पीडीएफ आणि सोबत फोटो. पलीकडे फॅनीची ‘कोलॅटरल अंडररायटर’ नावाची प्रणाली बसली आहे. लेंडरांना ती २६ जानेवारी २०१५ला खुली झाली. (नवा साचा सर्वांना खुला झाला तोही २६ जानेवारीलाच. अमेरिकेतल्या अप्रेझरांचा प्रजासत्ताक दिन म्हणायला हरकत नाही.) प्रत्येक रिपोर्टला ती १ ते ५ गुण देते. इथे ५ म्हणजे हुशार नव्हे, ५ म्हणजे जोखीम जास्त.

ती पकडते काय? समजा तुम्ही एका विकल्या गेलेल्या घराला सी३ लिहिलंत, आणि तेच घर कॉम्प म्हणून वापरणाऱ्या दुसऱ्या अप्रेझरांनी सी४. यंत्र लगेच बोट ठेवतं. किंवा जवळची, जास्त मिळतीजुळती विक्री सोडून तुम्ही लांबची महाग विक्री घेतलीत. कारण असू शकतं. लांबची वाटणारी गल्ली त्याच शाळेच्या हद्दीत असते, जवळच्या गल्लीच्या मागे रेल्वे लाइन असते. पण ते कारण आता लिहावं लागतं. काकांच्या पिढीला याचा राग येतो, कारण आपल्या डोक्यावर कोणी बसलंय असं वाटतं. मला दोन्ही बाजू पटतात. यंत्राला रेल्वेचा आवाज ऐकू येत नाही, हे खरं. आणि वीस वर्षं ‘माझ्या अनुभवानुसार’ एवढ्या दोन शब्दांवर लाखो डॉलरचे आकडे उभे राहिले, हेही खरंच.

मोजमापाच्या साधनांतही अशीच ओढाताण आहे. २०२०च्या आयफोन १२ प्रोपासून फोनमध्येच लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, आला. खोलीत फोन फिरवला की भिंती, दारं, खिडक्यांसकट नकाशा तयार. दिसायला जादूच. पण फोन मोजतो भिंतीच्या आतून आणि मानक मागतं बाहेरून, म्हणजे भिंतीची जाडी धरायला हवी. लेझर मीटरचा लाल ठिपका भर उन्हात दिसत नाही, आणि मध्ये झुडूप आलं की तो झुडपाचंच अंतर सांगतो. आमच्या दक्षिणेकडच्या भिंतीला हायड्रेंजिया आहे. तिथे काकांनी निमूटपणे टेप काढली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

अप्रेझरने घरी जायचंच नाही, अशाही पद्धती आल्या. मार्च २०२२पासून डेस्कटॉप अप्रेझल रीतसर सुरू झालं. आतल्या भिंतींसकट नकाशा मिळवायचा आणि मूल्यांकन टेबलावर. हायब्रिडमध्ये घरात तिसराच माणूस जातो, प्रशिक्षण घेतलेला इस्टेट एजंट किंवा शिकाऊ अप्रेझर. तो माहिती गोळा करतो आणि सही अप्रेझर करतो. नव्या रिपोर्टमध्ये कोणती पद्धत वापरली हे स्पष्ट लिहिलेलं असतं, ते घेणाऱ्याने जरूर पाहावं. आणि काही कर्जांना अप्रेझलच लागत नाही. फॅनीचा संगणकच म्हणतो की हा आकडा मान्य. घरखरेदीसाठी ही सवलत पूर्वी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच्या कर्जाला होती, २०२५च्या सुरुवातीला ती ९०पर्यंत गेली, आणि कोणी जाऊन घराची माहिती गोळा केली असेल तर ९७पर्यंत. मग ज्या घरांना अप्रेझर लागतोच ती अडचणीची घरं: उतारावरची, विचित्र वाढवलेली, आसपास विक्री नसलेली. सोपी कामं यंत्राकडे, अवघड कामं माणसाकडे, आणि फॉर्म मोठा. काकांची खरी तक्रार फॉर्मबद्दल नाही, या वाटणीबद्दल आहे.

घरमालकाने काय करायचं

अप्रेझर येण्याआधी एक कागद तयार ठेवा: छप्पर, खिडक्या, फर्नेस, स्वयंपाकघर, बाथरूम केव्हा बदललं आणि बेसमेंटचं परमिट. नुसतं ‘रिनोव्हेटेड’ लिहू नका, वर्ष लिहा. सोलर पॅनेल विकत घेतलेले की लीजवर, हे सांगा. लीजवरच्या पॅनेलची किंमत घरात धरता येत नाही, आणि हे ऐकून आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचे चेहरे पडलेले मी पाहिले आहेत. किती किंमत हवी आहे ते मात्र सांगायला जाऊ नका, त्याने त्या माणसाची पंचाईत होते. आणि चहा जरूर विचारा.

रिपोर्टची प्रत तुम्हाला क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, निदान तीन कामकाजाच्या दिवस आधी मिळायला हवी, तसा नियम आहे. ती आली की किमतीच्या आधी स्केच पाहा, खोल्या आणि बाथरूम मोजा. चूक वाटली तर लेंडरकडे ‘रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू’, म्हणजे किमतीचा फेरविचार, मागता येतं. फॅनी-फ्रेडीच्या कर्जांसाठी लेंडरकडे याची ठरलेली पद्धत असणं २०२४पासून बंधनकारक आहे. संधी एकदाच मिळते आणि पर्यायी कॉम्प्स जास्तीत जास्त पाच देता येतात. तेव्हा ‘शेजाऱ्याचं जास्तीला गेलं’ एवढ्यावर ती उडवू नका. शेजाऱ्याचं किती फूट, कधी विकलं, कुठल्या अवस्थेत होतं, ते घेऊन जा.

काकांचा सराव-रिपोर्ट मी नंतर वाचला. पानं जुन्यापेक्षा कितीतरी जास्त, पण डिक्शनरी लागली नाही. व्ह्यूपाशी सरळ लिहिलं होतं: निवासी, न्यूट्रल. गॅरेजचा उल्लेख नव्हता. मेपलचाही नाही.

तो रिपोर्ट पुरा होण्याआधी, त्याच शनिवारी रात्री दहाला, काकांचा फोन आला. आवाज चिडलेला. ‘अरे, मागच्या बाजूच्या खिडक्या लाकडी आहेत का विनाइल? फोटोत पडदा आलाय आणि हे सॉफ्टवेअर मला पुढे सोडत नाहीये.’ मला आठवेना. दहा वर्षं त्याच घरात राहतोय. शेवटी बायको टॉर्च घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली आणि खिडकीच्या चौकटीवर नख मारून ओरडली, ‘विनाइल!’